धारची पट्टी

देवास, ९ डिसेंबर

वन्सं, आज दुपारी तुमची पेटी पुसायला काढली. तेरावं आटोपलं, पाहुणे गेले, भाड्याने आणलेल्या सतरंज्या आणि पातेली परत गेली. उद्या सकाळी उज्जैनहून नंदलालजी येऊन पेटीचे सूर लावतील. मग तुमचे चुलतभाऊ बापूभावजी धारहून गाडी घेऊन येतील आणि तुम्ही इथे राहायला येताना आणलेली ही पेटी रामाच्या देवळात परत नेतील. त्याआधी ती स्वच्छ व्हायला हवी. भात्याच्या घड्यांतली धूळ ब्रशने काढली. पट्ट्यांच्या फटींतून तुमची बडीशेप निघाली. ओलं फडकं लावायचं नाही हे तुम्ही इतक्यांदा बजावलं आहे, की बजावणारं कुणी नसतानाही मी पिळलेलं फडकं बाजूला ठेवलं आणि कोरडं घेतलं.

इथल्या मराठी मंडळाने अंकासाठी तुमच्यावर मजकूर मागितला आहे. जन्म, शिक्षण, मुलींच्या शाळेत भूगोलाची नोकरी, असं लिहायला घेतलं. पानभर झालं तरी त्यात तुम्ही कुठे दिसेनात. ते फाडलं. आता थेट तुमच्याशीच बोलते. त्यांना छापायचं तर छापोत.

तुमच्या भावाशी लग्न करून मी धारला आले तेव्हा तुम्हाला काय म्हणायचं इथूनच सुरुवात होती. माझे वडील कारखान्याच्या नोकरीसाठी साताऱ्याकडून देवासला आलेले. आमच्या घरी नणंदेला ताई म्हणत. पहिल्याच सकाळी मी "ताई, चहा" म्हटलं तर तुम्ही वर न पाहता म्हणालात, "ताई शाळेत म्हणतात. घरात वन्सं." मला वाटलं, संस्थानाच्या काळातलं घर आहे, सोवळ्याओवळ्यात आयुष्य जाणार. त्याच संध्याकाळी देवळामागच्या तुमच्या खोलीतून असा आवाज आला की मी हातातलं निरांजनाचं तबक खाली ठेवलं आणि धावत गेले. मला वाटलं, पंखा पडला.

पंखा जागेवर होता. तुम्ही चटईवर मांडी घालून बसला होतात. समोर देवळाची पेटी, शेजारी टेपरेकॉर्डर. त्यातून एक गोरा माणूस जिवाच्या आकांताने ओरडत होता आणि तुम्ही त्याच्याबरोबर, शांत चेहऱ्याने, पेटी वाजवत होतात.

मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेली. गाण्यातलं मला कळत नव्हतं, मोटर कळत होती. मी म्हटलं, "वन्सं, टेप पळतोय तुमचा."

"पळत नाहीये. पळवलाय."

आणि तुम्ही टेपरेकॉर्डर उलटा करून मला ते भोक दाखवलंत. मोटरच्या पाठीला एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की वेग कमीजास्त होतो. तुम्ही तो घड्याळजीकडच्या पेचकसाने फिरवून ठेवला होता. अगदी थोडा. बाहेरच्या गाण्याचा सा आणि देवळाच्या पेटीचा सा जुळेपर्यंत.

"पण मग गाणं चुकीचं नाही का झालं?"

"पेटी देवळाची आहे, विजू. आजोबांनी रामाला वाहिलेली. सूर बदलायला तिला कानस लावत नाहीत. रामनवमीला कीर्तनकार येतो, तो कितीही मोठा असो, कुठूनही आलेला असो, सूर पेटीचाच घेतो. हाही पाहुणा कीर्तनकार." तुम्ही टेपकडे हात केलात. "आपल्या देवळात आला, आपल्या पेटीत गाणार."

मला हसू आलं. तुम्ही मात्र हसत नव्हतात.

तुमच्या या एका स्क्रूने पुढे काय काय केलं, ते बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. धारमध्ये असल्या रॉक गाण्यांच्या कॅसेटी तुमच्याकडेच होत्या. पुण्याचे मामेभाऊ पाठवायचे, इंदूरहून कुणी आणून द्यायचं. मागायला येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही त्याच टेपवरून दुसऱ्या टेपवर उतरवून द्यायचात. म्हणजे धारमध्ये, आणि आम्ही इकडे बिऱ्हाड केल्यावर देवासमध्ये, ज्या ज्या पोराने पहिल्यांदा ते गाणं ऐकलं, ते रामाच्या पेटीच्या सुरात ऐकलं. मूळ सुरापेक्षा चढं, अर्ध्या सुरालाही न पोचणारं, मधेच कुठेतरी. पोरं गिटारी घेऊन बसायची त्या तुमच्या पेटीवर लावायची. देवासची पोरं तर फोन करायची. आमच्याच घरातला फोन, त्यांचा म्होरक्या पिंकू कानाला लावून उभा, बाकीचे गिटारी पोटाशी धरून जमिनीवर.

"दीदी, सा दे दो."

तुम्ही तिकडे धारला रिसीव्हर पेटीवर ठेवायचात. इकडे पिंकू ओरडायचा, "आ रिया है भिया, आ रिया है, चुप रहो सब!" आणि ट्रंक कॉलच्या खरखरीतून तुमचा सा आमच्या बैठकीत उतरायचा. मी स्वयंपाकघरातून ओरडायची की मला गावी परतलेल्या आईशी बोलायचं आहे, तुमचा सा आटपा.

इंदूरच्या कॉलेजांच्या स्पर्धेचा किस्सा तुम्हाला पिंकूच्याच तोंडून ऐकायला आवडायचा. आता त्याचं मोबाइलचं दुकान आहे, पोट सुटलं आहे, पण तेराव्याला आला तेव्हाही त्याने सांगितलाच. स्पर्धेत स्टेजवर सगळ्यांसाठी एकच कीबोर्ड होता. धारचा ग्रुप आला, कीबोर्डशी जुळेना. देवासचे दोन ग्रुप आले, त्यांचंही जुळेना. पण धार आणि देवासवाल्यांचं एकमेकांशी पक्कं जुळत होतं. परीक्षक चक्रावले. विचारलं, "तुम लोग ट्यूनिंग कहाँ से लाते हो?" पिंकू छाती काढून म्हणाला, "सर, राम मंदिर से." तेव्हापासून इंदूरच्या पोरांनी नाव पाडलं: धारची पट्टी. ती चेष्टाच होती. तुम्ही मात्र पदवी मिळाल्यासारख्या खूश झालात.

मला तुम्ही रॉक शिकवलंत ते मेथी निवडता निवडता. भूगोलाच्या बाई असल्यामुळे तुमचं सगळं नकाशावर चालायचं.

"मूळ गाणं शेतातलं. अमेरिकेत कापूस वेचायला धरून नेलेल्या काळ्या माणसांचं. पाच सुरांत सगळं. आपला धानी राग म्हण हवं तर, फक्त मधला एखादा सूर ते मुद्दाम घसरवतात. मग ती माणसं पोट भरायला उत्तरेकडे शहरांत गेली. तिथे इतका गलका की साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून तिला वीज जोडली."

"म्हणजे गरज म्हणून?"

"सगळं गरज म्हणूनच होतं. मग गोऱ्या पोरांनी ते उचललं, पळवलं, नाचायचं केलं. पैसा आणि नाव त्यांचं झालं, ज्यांचं गाणं ते मागेच राहिले. हे विसरायचं नाही. मग समुद्रापलीकडे इंग्लंडच्या पोरांनी रेकॉर्डी ऐकून ऐकून तेच अमेरिकेला परत ऐकवलं. केस वाढले, गाणी लांबली, आपली सतार शिरली. मग कारखान्याच्या गावातल्या पोरांनी ते जड केलं, लोखंडासारखं. ते फार फुगलं तेव्हा आणखी काही पोरं आली. म्हणाली, आम्हाला काही येत नाही, तरी आम्ही वाजवणार."

"काही येत नाही तरी वाजवणार, याचं कौतुक?"

"मी राग शिकलेली बाई. मलाही आधी किळसच आली. मग विचार केला, आपण भजनाला परीक्षा घेऊन बसवतो का?"

कारखान्याच्या गावांवर मात्र मी कान टवकारले. तेव्हा मी इथे औद्योगिक वसाहतीत देखभाल विभागात होते, पत्रे दाबून कापणाऱ्या प्रेस शॉपच्या शेजारी. तुम्ही मला ती जड गाणी लावून दाखवलीत तेव्हा पहिल्यांदा मला काहीतरी ओळखीचं वाटलं. मोठा प्रेस खाली येण्याआधी क्षणभर हवा दाबली जाते, तसं त्या गाण्यात होतं. मी तुम्हाला तसं सांगितलं. तुम्ही मेथीची जुडी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "हे मला कधीच कळलं नसतं. मी प्रेस पाहिलेलाच नाही." मग मागे लागून माझ्या सुट्टीच्या दिवशी कारखान्याच्या फाटकापर्यंत आलात आणि भिंतीबाहेर उभं राहून तो आवाज ऐकलात. पहारेकऱ्याने विचारलं, "किसी का टिफिन देना है क्या, माताजी?" तुम्ही म्हणालात, "नहीं भिया, सुनने आए हैं."

तुमची एक गोष्ट मी कधी तोंडावर कबूल केली नाही, ती इथे करते. तुमच्या त्या खोलीत दर गुरुवारी मुली यायच्या. शाळेतल्या, वसतिगृहातल्या. बाग, धरमपुरी अशा गावांकडच्या, घरापासून लांब राहणाऱ्या. बाकावर हाताने ताल धरायच्या, आणि ओरडायच्या. धारसारख्या गावात मुलीला गाण्यासाठी दोनच जागा होत्या, देवापुढे गोड गायचं नाहीतर लग्नात लाजत गायचं. मोठ्याने, घसा फाटेपर्यंत, चेहरा वाकडा करून गाण्याची सोय कुठे नव्हती. तुमच्या खोलीत होती. बापूभावजींच्या आई तक्रार घेऊन आल्या, की देवळामागे पोरींना काय झपाटलं आहे का. तुम्ही म्हणालात, "काकू, झपाटलेलं बाहेर काढतोय." काकू ओटीवर बसून राहिल्या, चहा घेऊन गेल्या, आणि परत तक्रारीला आल्या नाहीत. गुरुवारी मात्र यायला लागल्या.

आपलं भांडण दुसरंच होतं आणि ते अर्धवट राहिलं. मी म्हणायची, हे आपलं नाही. दुसऱ्याच्या गावचं दुःख, दुसऱ्याच्या भाषेतलं, आपल्या पोरांनी नुसती नक्कल करायची. तुम्ही विचारायचात, "पेटी कुठली?"

"आपलीच की."

"बोटीतून आली. पाद्री घेऊन आले. तिकडे ती खुर्चीवर बसून पायाने मारायची होती. आपण मांडी घालून बसतो, म्हणून तिला पाठीमागे हाताचा भाता लावला. आता तिच्याशिवाय आरती होत नाही. गिटारनेही मांडी घालायला शिकावं, एवढंच माझं म्हणणं."

मी म्हणायची, पेटीला ते शिकायला कित्येक पिढ्या लागल्या. आणि दुःखाचं काय? ते कसं आपलं होणार? एकदा तुम्ही म्हणालात, "दुःख बाहेरून आणावं लागत नाही गं. ते घरात असतंच. आवाज तेवढा आणावा लागतो." मी म्हटलं, वाक्य छान आहे, पण उत्तर नाही. तुम्ही खळखळून हसलात. माझं अजूनही तेच मत आहे. पण गेल्या नवरात्रात टेकडीखालच्या जागरणात देवीच्या भजनामागे तीच गिटार किंचाळत होती, आणि पदर डोक्यावर घेतलेल्या म्हाताऱ्या डोळे मिटून डोलत होत्या. कुणाला ती परकी वाटत नव्हती. हे तुम्हाला घरी येऊन सांगायचं होतं. तुम्हाला ताप होता. राहून गेलं.

आता रेवाचं.

रेवा माझी मुलगी, पण गळा तुमच्या खोलीत तयार झाला. शनिवारी शाळा सुटली की धारची बस. सोमवारी पहाटे परत. तिचा सा म्हणजे तुमच्या पेटीचा सा. झोपेतून उठवून विचारलं तरी तोच लागायचा. इथे आपल्या सगळ्यांत तिच्यासारखी गाणारी नव्हती. मग ती नोकरीसाठी बंगळूरला गेली, तिथल्या एका ग्रुपकडे गायला गेली, आणि तिथल्या कीबोर्डवाल्याने दुसऱ्याच गाण्याला तिला थांबवलं. तू चढी गातेस. पुन्हा थांबवलं. तू प्रत्येक वेळी तितकीच चढी गातेस. सगळे हसले असं ती म्हणाली. हसले असतील नसतील, तिला तसं वाटलं हे खरं.

त्या दिवाळीला तुम्ही इथेच राहायला आलेल्या होतात. फराळाची ताटली हातात, रेवाने फोन तुमच्या पेटीवर ठेवला. सूर मोजायचं त्यात काहीतरी असतं. काटा दोन खुणांच्या मधे जाऊन थांबला.

"बघ आत्या. हा सूर जगात कुठल्याच पियानोवर नाहीये."

"या पेटीवर आहे."

"तू सगळ्या गावाला बेसूर शिकवलंस. पिंकूकाकाला, मला, सगळ्यांना. तुला माहीत होतं आणि तरी तू शिकवलंस."

"बेसूर म्हणजे एकमेकांशी न जुळणारं. तुम्ही सगळे जुळत होतात."

"कुणाशी? धारशी? अगं, धारच्या बाहेर दुनिया आहे! आणि तुझं ते रॉक, आत्या, ते आता म्युझियममध्ये आहे. आमच्या ऑफिसात कुणी ऐकत नाही. सगळे रॅप ऐकतात."

तुम्ही पेटीचा भाता मिटलात, कडी लावलीत आणि म्हणालात, "म्युझियमपेक्षा देवळात ठेवलेलं बरं. तिथे रोज दिवा तरी लागतो." आणि आत जाऊन चकलीचा डबा भरत बसलात. तिच्यासाठीच.

त्यानंतर तुम्ही दोघी बोलत होतात, नाही असं नाही. गोळ्या घेतल्या का, तिकडे पाऊस आहे का, सुट्टी कधी. गाणं त्यातून गेलं. मी मधे पडले नाही. मला वाटलं दोघी हट्टी आहेत, दोघींना वेळ आहे.

आज दुपारी मी पेटी पुसत होते तेव्हा रेवा दारात उभी राहिली. तेराव्याला आली ती अजून आहे, परवाचं तिकीट. इतके दिवस तिने पेटीला हात लावलेला नव्हता. म्हणाली, "आई, नंदलालजींना फोन कर. येऊ नका सांग."

"का?"

"ते कानस लावतील. सूर उतरवतील. मग हा सूर गेला. मग परत येणार नाही."

"नाही येणार. रीड पितळेची आहे, घासली की घासली."

"मग?"

"मग काय? पेटी देवळाची आहे. तिथल्या भजनी मंडळाच्या बायका आता कीबोर्डबरोबर गातात, पेटी जुळत नाही म्हणून तुझ्या आत्याच्या मागे ती माळ्यावर जाईल. बापूभावजी वाईट माणूस नाहीत. त्यांना रोज वाजणारी पेटी हवी आहे. आणि हे तूच म्हणत होतीस ना, बेसूर आहे म्हणून?"

ती खाली बसली, पेटीपासून हातभर लांब. मग हळूच म्हणाली, "मी तिला सॉरी म्हणणार होते. दर वेळी फोन लावला की ती पहिलं विचारायची, जेवलीस का. मग मी जेवणाचंच सांगायची."

वन्सं, तुम्ही मला एक गोष्ट तिला सांगू नकोस म्हणाला होतात. ती मी सांगितली. मला मेलेल्या माणसांची गुपितं राखायला जमत नाही. जिवंत माणसांची कामं आधी.

श्रावणात तुम्ही मला तुमच्या फोनवर तेच सूर मोजायचं अ‍ॅप घालून द्यायला लावलंत. मी विचारलं नाही. दुपारी मी पडले की तुम्ही गॅलरीत जाऊन बसायचात. पेटी न घेता. नुसता फोन समोर, आणि तुम्ही सा लावायचात. काटा पुढे जायचा. थांबायचात, पाणी प्यायचात, परत लावायचात. तेवढाच पुढे. मी एकदा चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "रेवीचा सा शोधतेय. इतका जवळ आहे गं, बोटभर खाली. पण गळा उतरत नाही. साठ वर्षं त्या पेटीपाशी बसलाय." मी म्हटलं, मग तिला सांगा ना, की शोधताय. तुम्ही म्हणालात, "सापडला तर सांगेन. नाही तर म्हातारीला जमलं नाही, एवढंच तिला कळायचं. तू सांगू नकोस."

सापडला नाही. दिवाळीनंतर तुम्ही गॅलरीत बसणं सोडलंत. दम पुरत नव्हता.

हे ऐकून रेवा रडली. मला रडणाऱ्या माणसाजवळ काय करायचं ते नीटसं कळत नाही. मी तिच्या हातात ब्रश दिला आणि भात्याची डावी बाजू राहिली आहे म्हणून सांगितलं. ती पुसत बसली. बराच वेळ, गरजेपेक्षा जास्त. मग पेटीच्या पुढचे लाकडी खटके ओढून पाहू लागली, कुठला कशाचा. मलाही ठाऊक नव्हतं. तुम्ही असतात तर सांगितलं असतं, की खटके उगाच ओढायचे नाहीत.

१० डिसेंबर, दुपार

नंदलालजी सकाळी वेळेवर आले. ओट्यावर चादर पसरली, पेटीचं झाकण काढलं, आतली फळी उचलली. मी शेजारी बसले. मला यंत्र उघडं असलं की आत पाहावंसं वाटतंच. आत रीडच्या दोन ओळी होत्या. मी विचारलं, या दोन कशाला?

"एक खरज, एक नर. खरज मोटी आवाज, नीचे की, नर ऊपर की. दोनों साथ बजती हैं."

"आणि हे खटके?"

"हवा रोकने के। पुरानी पेटी है, इसमें दोनों का रास्ता अलग है। सब में नहीं होता।"

मी क्षणभर विचार केला. फार नाही. कारखान्यात जुन्या लाइनला नवा दाब द्यायचा असला की आम्ही जुनी लाइन तोडत नसू, तिला वेगळा व्हॉल्व्ह लावत असू.

"नंदलालजी, नर उतार दो. बाजार में जो सुर चलता है, उसमें. खरज को हाथ मत लगाना."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बहनजी, फिर ये दोनों साथ खुलेंगे तो लड़ेंगे."

"एक बंद रखेंगे."

"पेटी का मतलब ही नहीं रहा फिर."

"तुम उतारो तो."

ते पुटपुटत कामाला लागले. तासाभराने बापूभावजी आले, किल्ल्या बोटात फिरवत. मी त्यांना सांगितलं तर त्यांचं तोंड आंबलं. "वहिनी, देवळात भांडणारी पेटी ठेवू म्हणता?"

"तुमच्या बायकांना कीबोर्डशी जुळणारी हवी ना? नराचा खटका उघडा, जुळेल. आरतीला तेवढा आवाज पुरतो. खर्ज वन्संचा आहे. तो बंद राहू द्या."

"मग ठेवायचा कशाला?"

रेवा आतून आली होती. ती चटईवर बसली, मांडी घालून, आणि नर बंद करून खर्जाचा खटका ओढला. भाता हलवला. तुमचा सा आला, खालचा, जाडा. ती त्याच्याबरोबर गायली, एकच ओळ, इंग्रजीतली. पहिल्याच फटक्यात जुळली. मग तिने खर्ज बंद केला, नर उघडला, आणि तीच ओळ तिच्या बंगळूरच्या सुरात गायली. तीही जुळली. बापूभावजी बाजूच्या खुर्चीवर बसले. किल्ल्या खिशात ठेवल्या. म्हणाले, "दोन्ही येतं की पोरीला."

मी पोहे टाकायला आत गेले. नंदलालजींना बिनसाखरेचा चहा हवा होता.

अकराच्या सुमारास पेटी मागच्या सीटवर ठेवली, खाली जुनी रजई, वर तुमची शाल. रेवा तिच्याशेजारी बसली. म्हणाली, धारला जाऊन देवळात नीट ठेवून येते, गुरुवारच्या मुली येत असतील तर थांबते, तिकीट पुढे ढकलते. मी बापूभावजींच्या खिडकीशी वाकले आणि दोनदा सांगितलं, की दोन्ही खटके एकदम उघडायचे नाहीत, फार भयंकर आवाज होईल. त्यांनी मान हलवली.

रेवाला मात्र उघडू नकोस असं मी सांगितलेलं नाही.